एझेडटी, साखळदंड आणि फार्मसीची काच

मंगळवार, न्यू यॉर्क

भाची जर्सी सिटीत राहते. मागच्या खेपेला पुतळा, टाइम्स स्क्वेअर, आउटलेट मॉल सगळं करून झालं होतं, म्हणून या वेळी तिला फोनवरच सांगून टाकलं की मला एड्सच्या जागा बघायच्यात. पलीकडे जरा शांतता. "म्हणजे काय मामा, हॉस्पिटलं?" म्हटलं, हॉस्पिटलं, रस्ते, एखादं बेट, जे असेल ते.

माझं मिरजेत औषधांचं दुकान आहे. नव्वदनंतर आमच्या भागात या आजाराने काय केलं ते मी काउंटरला उभं राहून पाहिलंय. चिठ्ठीची चारदा घडी घालून आणणारी माणसं, दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं की पायरीखालीच थांबणारी. या आजाराची औषधं लवकर यावीत, परवडावीत म्हणून सरकारशी आणि कंपन्यांशी जे भांडले, त्यांची पहिली फळी न्यू यॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोची. त्यांचा मुलूख बघायचा होता.

पाथ ट्रेनने चौदाव्या रस्त्यावर उतरलो आणि चालत सेंट व्हिन्सेंट ट्रँगलला आलो. १८ फूट उंचीचा पांढरा पोलादी मांडव, सगळा त्रिकोणांचा. हे शहराचं एड्स स्मारक, १ डिसेंबर २०१६ ला खुलं झालं. खाली ग्रॅनाइटच्या फरशीवर वॉल्ट व्हिटमन या कवीच्या ओळी गोल गोल फिरत गेल्यात. वाचायच्या तर आपणही गोल फिरावं लागतं. न्यू यॉर्कचे १,००,००० हून अधिक लोक या आजाराने गेले. बाकांवर लोक डबे खात होते, एक आजी कुत्र्याला पाणी पाजत होत्या. मला हे आवडलं. स्मारक म्हटलं की आपल्याकडे आधी कुंपण आणि कुलूप.

समोर सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटल होतं, १८४९ सालचं, ख्रिस्ती सिस्टर्सनी काढलेलं. १९८४ मध्ये तिथे एड्सचा वॉर्ड सुरू झाला, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा पहिला. त्या काळी कितीतरी हॉस्पिटलांत जेवणाचं ताट खोलीच्या दाराबाहेर ठेवून कर्मचारी निघून जायचे, आणि अंत्यविधीवाले मृतदेह घ्यायला नकार द्यायचे. हे हॉस्पिटल २०१० मध्ये बंद पडलं. आता तिथे फ्लॅट आहेत. भाचीने मोबाइलवर एकाचा भाव काढून दाखवला. मी म्हटलं, ठेव तो फोन.

तिथून बाराव्या रस्त्याने पूर्वेकडे गेलो. ४९, वेस्ट बारावा रस्ता, साधी रहिवासी इमारत. इथे डॉ. जोसेफ सोनाबेंड यांचा दवाखाना होता. एड्सचे पेशंट येतात म्हणून १९८३ मध्ये त्यांना जागा सोडायला सांगितलं गेलं. ते कोर्टात गेले. एड्सवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धच्या अगदी पहिल्या खटल्यांपैकी तो एक. पण मी तिथे गेलो ते दुसऱ्याच कारणासाठी.

एड्सच्या रुग्णाला मारायचा तो बहुतेकदा न्यूमोनिया, न्यूमोसिस्टिस नावाचा. साथीचा पहिला सुगावाही औषधांच्या कपाटातून लागला. या न्यूमोनियावरचं पेंटामिडीन हे इंजेक्शन इतकं क्वचित लागायचं की सगळ्या अमेरिकेत ते फक्त सीडीसी या सरकारी संस्थेकडून मागवावं लागे. तिथे औषधांचं वाटप बघणाऱ्या सँड्रा फोर्ड यांच्या १९८१ च्या सुरुवातीला लक्षात आलं की मागणी अचानक वाढलीय, आणि तीही तरुण पुरुषांसाठी, कारण न कळता. ५ जून १९८१ ला याच न्यूमोनियाने आजारी पडलेल्या लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांवरची सीडीसीची टिपणी छापली गेली. स्टॉकबुक नीट बघणाऱ्या बाईंचा हा मान मला कुणी सांगितला की मी आजही दोन मिनिटं थांबतो.

आणि हा न्यूमोनिया होऊ नये म्हणून काय द्यायचं? को-ट्रायमोक्साझोल. आपली सेप्ट्रान. खेड्यातल्या दुकानातसुद्धा मिळणारी गोळी. सोनाबेंड आपल्या पेशंटना ती आधीपासून देत होते. त्यांचाच एक पेशंट, मायकेल कॅलन, गाणारा माणूस, १९८७ मध्ये एड्सचं सरकारी संशोधन बघणाऱ्या डॉ. अँथनी फाउची यांना जाऊन भेटला. म्हणाला, सगळ्या डॉक्टरांना ही गोळी द्यायला सांगा. फाउचींचं म्हणणं, आधी अभ्यास व्हायला हवा. सरकारी सूचना निघाली १९८९ मध्ये. मधल्या काळात किती गेले याचा हिशोब कॅलन मरेपर्यंत मागत राहिला. विज्ञानाला पुरावा लागतो, मान्य. पण इतकी जुनी, इतकी स्वस्त, दुष्परिणाम ठाऊक असलेली गोळी! मी त्या दारासमोर उभा राहून भाचीला हे सगळं जरा चढ्या आवाजात सांगत होतो, तेव्हा आतून एक गृहस्थ बाहेर आले आणि काही मदत हवीय का म्हणाले.

दुपारी तेराव्या रस्त्यावरचं एलजीबीटी सेंटर. पूर्वीची शाळा, तशीच दिसते. १० मार्च १९८७ ला इथे लॅरी क्रेमर या लेखकाने भाषण केलं. त्याने पाच वर्षांपूर्वी मित्रांबरोबर जीएमएचसी ही मदत संस्था काढली होती: आजाऱ्याचं सामान आणणं, भांडी घासणं, वकील गाठून देणं, फोनवर धीर देणं. मग तिथल्यांशीच त्याचं बिनसलं, कारण त्याला रस्त्यावर उतरायचं होतं. त्या भाषणानंतर काही दिवसांतच अ‍ॅक्ट अप ही संघटना उभी राहिली. दर सोमवारी रात्री इथे सभा. कुणीही यावं, कुणीही बोलावं. ज्यांनी अशा सभा बघितल्यात त्यांना त्या किती लांबत असतील हे सांगायला नको.

दुसऱ्या मजल्यावर चित्रकार कीथ हेरिंगने १९८९ मध्ये रंगवलेली बाथरूम आहे. संडास-बेसिन आता काढलेत, भिंती ठेवल्यात. पांढऱ्यावर काळ्या जाड रेघा, एका दमात ओढलेल्या, छतापर्यंत गुंतलेली शरीरं. मामा-भाचीने शेजारी उभं राहून बघण्यासारखं हे चित्र नाही. दोघांनी दोन वेगळ्या भिंतींचा बारकाईने अभ्यास केला. साथीच्या आधीचे मोकळे दिवस त्याने काढलेत, आणि काढताना त्याला स्वतःला एड्स झालाय हे ठाऊक होतं. फेब्रुवारी १९९० मध्ये तो गेला, वय ३१.

बुधवार, वॉल स्ट्रीट

आज पाथने थेट वर्ल्ड ट्रेड सेंटर. ट्रिनिटी चर्चकडे पाठ केली की समोर वॉल स्ट्रीट सुरू होतो. २४ मार्च १९८७, सकाळची ऑफिसची वेळ, अ‍ॅक्ट अपचं पहिलं आंदोलन इथलं. काही शे माणसं रस्त्यात बसली, १७ जणांना अटक झाली. पाचच दिवसांपूर्वी एझेडटीला मंजुरी मिळाली होती, एड्सवरचं पहिलं औषध. वर्षाचा खर्च सुमारे १०,००० डॉलर.

औषधाचा इतिहास आमच्या धंद्यातल्या माणसाला चीड आणणारा आहे. १९६४ मध्ये जेरोम हॉर्विट्झ यांनी डेट्रॉइटला ते कॅन्सरसाठी बनवलं, तेही सरकारी पैशावर. चाललं नाही, कपाटात गेलं. मग बरोज वेलकम कंपनीने ते या विषाणूवर आणलं, पेटंट घेतलं आणि भाव लावला. पांढरी कॅप्सूल, मधोमध निळा पट्टा. सुरुवातीला दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. त्या काळी नाटकाच्या थिएटरात एकदम गोळ्यांच्या डब्यांचे गजर वाजायचे म्हणतात.

स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीत आता पर्यटकांना सोडत नाहीत. बाहेरून खांब बघायचे आणि १४ सप्टेंबर १९८९ ची सकाळ मनात उभी करायची. पीटर स्टेली हा आधी जे. पी. मॉर्गनमध्ये रोख्यांची खरेदी-विक्री करणारा पोरगा. स्वतः पॉझिटिव्ह. तो आणि त्याचे सोबती सूट घालून, दलालांसारखे खोटे बिल्ले लावून आत शिरले, सज्जावर चढले आणि स्वतःला कठड्याला साखळदंडांनी बांधून घेतलं. साडेनऊची घंटा व्हायच्या सुमारास भोंगे वाजवले, इतके की घंटा कुणाला ऐकूच गेली नाही. 'वेलकम विका', म्हणजे त्या कंपनीचे शेअर विका, असा फलक सोडला. खाली शंभर डॉलरच्या खोट्या नोटांचा पाऊस. दहा हजारांचा भाव तोवर आठ हजारांच्या आसपास आला होता. काही दिवसांत कंपनीने तो आणखी २० टक्क्यांनी उतरवला, वर्षाला सुमारे ६,४०० वर.

भाची म्हणाली, "एवढंच? वीस टक्के?" मी म्हटलं, तू कधी औषध कंपनीला एमआरपी खाली आणायला लावलीयस का?

पण खरं सांगायचं तर साखळदंडापेक्षा मला त्यांचा अभ्यास जास्त मोठा वाटतो. क्वीन्समध्ये राहणाऱ्या आयरिस लाँग नावाच्या बाई, रसायनशास्त्रज्ञ, वयाने या पोरांपेक्षा मोठ्या, स्वतः ना समलिंगी ना आजारी. त्या एका सोमवारी सभेला आल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला औषधाच्या चाचण्या कशा चालतात हेच कळत नाही. शिकायचं असेल तर शिकवते. त्यातून जो गट तयार झाला त्यात पटकथा लिहिणारे होते, नट होते, पैशांचा व्यवहार करणारे होते. त्यांनी औषधशास्त्राचे शब्द पाठ केले, कुठली चाचणी कुठे अडकलीय याच्या याद्या केल्या. ११ ऑक्टोबर १९८८ ला वॉशिंग्टनजवळ रॉकव्हिलला एफडीएच्या, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याच्या, इमारतीला हजाराहून जास्त लोकांनी वेढा घातला तेव्हा हातात नुसत्या घोषणा नव्हत्या, मागण्यांचा मसुदा होता: चाचणीत न बसणाऱ्या पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाला औषध समांतर मार्गाने द्या. पुढच्या वर्षी फाउचींनी या समांतर मार्गाला पाठिंबा दिला. ज्या फाउचींना क्रेमरने जाहीर पत्रात खुनी म्हटलं होतं, त्यांनीच पुढे या मंडळींना समित्यांच्या टेबलाशी बसवलं. क्रेमर आणि ते पुढे मित्र झाले, आयुष्यभर भांडणारे.

आणि एझेडटीचं काय? १९९३ मध्ये युरोपातल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले: लक्षणं दिसायच्या आधीपासून एकटं एझेडटी दिल्याने आयुष्य वाढत नाही. ज्याच्या भावासाठी तुरुंगात गेले ते औषध अपुरं निघालं. त्या सुमाराला ही माणसं किती खचली असतील. १९९५ मध्ये अमेरिकेत एका वर्षात सुमारे ५०,००० मृत्यू झाले. तीन औषधं एकत्र द्यायचा उपाय १९९६ मध्ये आला आणि आकडा कोसळला.

गुरुवार, सिटी आयलंड

हार्ट आयलंडवर जायचं होतं. तिथे उद्यान खात्याच्या फेऱ्या २०२३ पासून सुरू झाल्यात, फुकट, पण लॉटरी असते. आमचा नंबर लागला नाही. तरी निघालोच. सहा नंबरच्या सबवेने पेलम बे पार्क, शेवटचं स्टेशन, तिथून बीएक्स २९ ची बस. सिटी आयलंड म्हणजे कोळ्यांचं जुनं गाव, तळलेल्या माशांची हॉटेलं. फोर्डहॅम स्ट्रीटच्या टोकाला जाळीचं फाटक आणि फेरीचा धक्का. समोर पाण्यापलीकडे हार्ट आयलंड, सपाट, झाडं, एखाद-दुसरी पडकी भिंत.

१८६९ पासून बेवारस आणि गरिबांना पुरायची शहराची ही जागा. दहा लाखांच्या वर माणसं तिथे आहेत. २०२० पर्यंत खणायचं काम कैद्यांकडून करून घेत. १९८५ मध्ये एड्सने गेलेले १७ देह तिथे नेले. बाकीच्यांना एका चरात ओळीने पुरतात. यांना बेटाच्या दक्षिण टोकाला, सगळ्यांपासून लांब, प्रत्येकाला वेगळा, १४ फूट खोल खड्डा. मेलेल्या माणसापासून कुणाला काय होणार होतं? त्यात एक बाळ आहे. त्याच्या दगडावर नाव नाही, नुसतं 'एससी बी१, १९८५'. त्यानंतर एड्सने गेलेले कित्येक जण त्या बेटावर इतरांबरोबर पुरले गेले. ते नेमके किती, हे कुणीच मोजलेलं नाही.

वारा फार होता. भाचीने तळलेली कोळंबी घेतली. मी चहा शोधत होतो, मिळाला तो कागदी पिशवीचा.

संध्याकाळी क्रॉस्बी स्ट्रीटवरच्या हाउसिंग वर्क्सच्या पुस्तकांच्या दुकानात. अ‍ॅक्ट अपमधल्याच काहींनी १९९० मध्ये ही संस्था काढली, बेघर रुग्णांना घर देण्यासाठी. दुकानाचा नफा तिकडे जातो. डोक्यावर छप्पर नसेल तर कॅप्सूल चार तासांनी घेणार कुठून, हा त्यांचा सरळ प्रश्न.

तिथे बसून भाचीला कॅटरिना हॅस्लिपची गोष्ट सांगितली. बेडफोर्ड हिल्सच्या बायकांच्या तुरुंगातली कैदी, तिथल्या कायद्याच्या लायब्ररीत काम करायची. तुरुंगातल्या पॉझिटिव्ह बायकांना धरून तिने गट बांधला. सीडीसीच्या व्याख्येत एड्सची लक्षणं होती ती पुरुषांत दिसलेली. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, ओटीपोटातले वारंवार होणारे संसर्ग, यातलं काही त्यात नव्हतं. परिणाम असा, की बाई या आजाराने मरायची पण कागदावर तिला एड्स झालेलाच नसायचा, आणि म्हणून अपंगत्वाचे पैसेही नाहीत. हॅस्लिप सुटून बाहेर आली, वॉशिंग्टनला आणि अटलांटाला जाऊन भांडली. व्याख्या बदलली ती १ जानेवारी १९९३ पासून. ती गेली डिसेंबर १९९२ मध्ये. तिच्या स्वतःच्या मरणापर्यंत सरकारी हिशोबात ती धरली गेलेली नव्हती. क्रेमरचं नाव सगळ्यांना माहीत असतं, हिचं फारसं नाही. मला या प्रवासात आठवण काढायची होती ती मुख्यतः हिची.

शुक्रवार, सॅन फ्रान्सिस्को

सकाळचं विमान. सहा तास, जेवण विकत. मार्केट स्ट्रीटवरून जुन्या ट्रामने कॅस्ट्रो या समलिंगी लोकांच्या जुन्या वस्तीत पोचलो तेव्हा ऊन कललं होतं.

अठरावा रस्ता आणि कॅस्ट्रो यांच्या कोपऱ्यावर १९८१ मध्ये स्टार फार्मसी होती. आजही तिथे औषधांचंच दुकान आहे, साखळीतलं. बॉबी कॅम्पबेल हा नर्स. त्याच्या पायांवर कापोसी सार्कोमाचे, म्हणजे एड्समध्ये होणाऱ्या एका कॅन्सरचे, जांभळे डाग उठले. त्याने त्यांचे पोलरॉइड फोटो काढले आणि फार्मसीच्या काचेवर चिकटवले: असे डाग दिसले तर डॉक्टरकडे जा. बास. ना समिती ना निधी. मी त्या काचेसमोर बराच वेळ थांबलो. आत सनस्क्रीनची सेल लागली होती. माझ्या दुकानाच्या काचेवर असा फोटो लावू द्या म्हणून ऐंशीच्या दशकात कुणी आलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे भाचीने विचारलं नाही, बरं झालं.

१९८३ च्या जूनमध्ये डेन्व्हरच्या परिषदेत कॅम्पबेल, कॅलन आणि आणखी काही रुग्ण व्यासपीठावर चढले आणि आपल्या हक्कांचा जाहीरनामा वाचला. आमच्याबद्दलचे निर्णय जिथे होतात तिथे आम्हाला बसवा, हे त्यातलं मुख्य. कॅम्पबेल पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गेला. आपल्याकडे गोव्याच्या डॉमिनिक डिसूझाने तोंड उघडलं ते १९८९ मध्ये. रक्तदान करणारा तरुण. तपासणीत पॉझिटिव्ह निघाला म्हणून म्हापशात पोलिसांनी उचलला आणि क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस डांबून ठेवला. सुटल्यावर लपून बसण्याऐवजी त्याने पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली. १९९२ च्या मे महिन्यात तोही गेला.

शनिवार, गोल्डन गेट पार्क

पार्कमध्ये एका खोलगट जागी राष्ट्रीय एड्स स्मारकवन आहे. १९९१ मध्ये काही शोकाकुल लोकांनी उजाड पडलेली ही घळ साफ करायला घेतली, १९९६ मध्ये तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला. महिन्यातल्या एका शनिवारी कुणीही जाऊन काम करू शकतं. हातमोजे देतात, खुरपं देतात. आम्हाला आयव्हीची वेल उपटायचं काम मिळालं. ओढली की हातभर येते आणि तुटते, मूळ तिथेच.

शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ. निवृत्त पोस्टमन. सांगत होते, त्यांच्या रूटवर एकेका घराची पत्रं बंद होत गेली. एड्सने गेलेल्यांच्या नावांची एक मोठी गोधडी आहे, क्विल्ट म्हणतात तिला; तिची शिवणकामं मार्केट स्ट्रीटवरच्या दुकानात चालायची, तिथेही ते जायचे. १९८५ मध्ये क्लीव्ह जोन्सने मोर्चात मेलेल्यांची नावं पुठ्ठ्यांवर लिहून सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवायला लावली. लांबून ते आजीच्या गोधडीसारखं दिसलं. तिथून कल्पना निघाली. एक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, थडग्याएवढा. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या मैदानात पसरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आता ५०,००० च्या आसपास, वजन ५४ टन. आठ तुकड्यांचा एक चौकोन आम्ही आदल्या संध्याकाळी एका दालनात टांगलेला पाहिला होता. जीन्सचा खिसा, त्यावर शिवलेलं बसचं तिकीट. एका तुकड्यावर फक्त पहिलं नाव, आडनावाच्या जागी कापडच नाही. घरच्यांना नको असायचं, पोस्टमन म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे ही औषधं कितीला होती? मी सांगितलं. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा इकडे त्याला १०,००० च्या वर पडत होते. २००४ च्या एप्रिलपासून सरकारने फुकट द्यायला सुरुवात केली. चेन्नईच्या डॉ. सुनीती सॉलोमन यांचंही सांगितलं, माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातल्या पहिल्या केसेस शोधल्या.

सिप्लाचं नाव त्यांना पाठ होतं. १९९९ मध्ये तेव्हाचे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या प्रचारसभांत अ‍ॅक्ट अपची माणसं घुसून ओरडत होती ती याचसाठी, आफ्रिकेला स्वस्त औषधं घेऊ द्या, आडवे येऊ नका. "तुमच्या त्या कंपनीने माल दिला," ते म्हणाले, "आम्ही घसा दिला." आणि पुन्हा वेल ओढायला लागले.

रविवार

परतीचं विमान रात्रीचं. सकाळी पोट्रेरो अ‍ॅव्हेन्यूवर जनरल हॉस्पिटलच्या विटांच्या इमारती बाहेरून पाहिल्या. जुलै १९८३ मध्ये इथे ५बी वॉर्ड सुरू झाला. क्लिफ मॉरिसन या नर्सने तो उभा केला, १२ खाटा, आणि सगळ्या नर्स आपणहून आलेल्या. पेशंटच्या अंगाला हात लावायचा, काठावर बसून बोलायचं. भेटायला कोण येणार ते पेशंटने ठरवायचं. मित्र हाच कुटुंब म्हणाला तर तोच कुटुंब. हे सगळं उपचार नव्हताच अशा काळात.

बसस्टॉपवर भाची म्हणाली, "मामा, आपल्याकडे असं कुणी नव्हतंच का?"

नव्हतं कसं. सांगलीच्या गोकुळनगरातल्या धंदा करणाऱ्या बायकांनी १९९२ पासून संग्राम संस्थेबरोबर घरोघरी निरोध वाटले, आजारी पडलेल्या मैत्रिणींना हॉस्पिटलात नेलं, तिथे हाकललं तर भांडल्या. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना केली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. माझ्या दुकानात यायच्या त्या. त्या मात्र पायरीखाली थांबायच्या नाहीत, सरळ काउंटरला येऊन पावती मागायच्या.

"मग तिथे कधी नेलं नाहीत मला!"

"तू येतेस आठ दिवस, त्यातले पाच लग्नांत जातात."

डिसेंबरात येणार म्हणते. बघू, तेव्हाही एक लग्न आहेच.